दोन क्रेडिटांत समाज कसा सुधारावा

पदवीला प्रवेश मिळाला? अभिनंदन. मुख्य विषयाची चिंता सोडा, तो कसाही निघतो. खरी अक्कल लागते ती ओपन इलेक्टिव्ह घेताना. नवे शैक्षणिक धोरण महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांत २०२३ला आले, संलग्न कॉलेजांत २०२४ला. तेव्हापासून आपल्या शाखेबाहेरचे काहीतरी शिकणे भाग आहे; तेच ओपन इलेक्टिव्ह, आणि क्रेडिट म्हणजे पदवीसाठी गोळा करायचे अभ्यासाचे माप. रसायनशास्त्रवाल्याने समाज समजून घ्यावा, कॉमर्सवाल्याने नदी, असा हेतू. हेतू फार चांगला आहे, म्हणूनच त्याच्या नादी लागू नका.

निवड करताना विषयाचे नाव वाचायचे नाही, तास किती वाजता आहे ते बघायचे. शनिवारी दुपारचा असेल तर तो विषय कितीही जीवनोपयोगी असो, आपला नव्हे. फॉर्मची लिंक ग्रुपवर पडली की पाच मिनिटांत भरा. उशीर झाला तर पंगतीत जिलबी संपल्यावर जे पानात पडते ते मिळेल, आणि तीच तुमची निवड होती असे गुणपत्रिकेवर छापून येईल.

संवादकौशल्य घेतलेत तर उत्तम. एका हॉलमध्ये दीडशे मुले, माइक बंद. 'संवादात ऐकणे सर्वांत महत्त्वाचे' हे वाक्य मागच्या बाकांपर्यंत पोहोचत नाही, तेव्हा पुढच्याच्या वहीतून उतरवून घ्या. परीक्षा बहुपर्यायी असते. 'उत्तम श्रोता कोण?' याला 'वरील सर्व'वर खूण करायची. गटाने प्रेझेंटेशन द्यायचे असेल तर एक जण करतो, एक जण बोलतो, उरलेले हात बांधून उभे राहतात. जो वर्षभर तोंड उघडत नाही त्याला 'थँक यू'ची स्लाइड द्यावी. त्याचे कौशल्य विकसित झाले.

उद्योजकता शिकवायला बहुधा तासिका तत्त्वावरचे सर असतात. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी क्लास. मानधन केव्हा येईल ते शासनाला ठाऊक. 'जोखीम पत्करण्याची वृत्ती' या विषयावर त्यांच्याइतका अधिकारी माणूस सापडायचा नाही, पण अनुभव सिलॅबसमध्ये नाही, तेव्हा विचारू नका. लिज्जतचे उदाहरण मात्र पाठ करा: १९५९, गिरगाव, सात बायका, उसने घेतलेले ८० रुपये. उत्तरात लिहा आणि तिथेच ठेवा. स्वतःच्या प्रकल्पात पापड आणलात तर मार्क जातील. तिथे ॲप लागते. 'ग्राहक: १८ ते ३५ वयोगट' लिहिले की बाजाराचा अभ्यास संपला. वर्गातला एखादा पोरगा रात्री एकपर्यंत बाइकवर लोकांची जेवणे पोचवत असेल आणि सकाळच्या उद्योजकतेच्या तासाला झोपून राहत असेल. त्याची हजेरी पंचाहत्तर टक्के भरत नाही. त्याच्यापासून लांब राहा.

समाजाचे काम सोपे आहे. सर्वेक्षणाची लिंक हॉस्टेलच्या ग्रुपवर टाका, तीस उत्तरे येतात, 'ग्रामीण कुटुंबांच्या समस्या' तयार.

शाश्वत विकासाला मात्र वेळ द्या, कारण पर्यावरण तसेही तुम्हाला सोडणार नाही. वकील एम. सी. मेहतांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ला हा विषय सक्तीने शिकवायला सांगितले, आणि तेव्हापासून झेरॉक्सवाल्यांची भरभराट आहे. शाश्वत विकासाची व्याख्या संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाची, १९८७ची: भावी पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणे. ती अक्षरशः पाळा. सीनियरचा प्रकल्प घ्या, पहिले पान बदला, जमा करा, आणि सॉफ्ट कॉपी ज्युनियरसाठी राखून ठेवा. कॉलेजात पुनर्वापर खऱ्या अर्थाने चालतो तो एवढाच. कागद एका बाजूनेच छापायचा, वर प्लॅस्टिकचे कव्हर, स्पायरल. राज्यात २०१८पासून थर्माकोलवर बंदी आहे, तरी 'कचरामुक्त शहरा'चे मॉडेल दुसऱ्या कशाचे करणार? स्टेशनरीवाल्याला हळू आवाजात विचारा, आतून काढून देतो.

वृक्षारोपणाला हजर राहाच. रोप वीतभर, फ्लेक्स दहा फुटी, त्यावर प्राचार्य, उपप्राचार्य आणि संस्थेचे पदाधिकारी. फोटो अक्षांश-रेखांशासह काढावा लागतो, कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या फाइलला तसाच लागतो. चेहरा दिसेल असे उभे राहा. रोप नाही दिसले तरी चालते.

मिळवलेली क्रेडिट्स त्यांच्यासाठीच्या ऑनलाइन क्रेडिट बँकेत सात वर्षे टिकतात. ज्ञान पेपरच्या संध्याकाळपर्यंत टिकवले तरी पुरे.

शेवटी फीडबॅक फॉर्म येईल. 'या विषयामुळे माझी सामाजिक जाणीव वाढली' यासमोर 'पूर्णपणे सहमत' दाबा. खाली सूचनांचा रकाना असतो, तो मोकळा सोडा. काही लिहिलेच तर नाव गुप्त राहील असे वर छापलेले आहे, आणि पहिला प्रश्न रोल नंबरचा आहे. पण फॉर्म भरा. त्याशिवाय हॉल तिकीट निघत नाही.