दुसरी खुर्ची शोभेची नव्हे

सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचे उपसंचालकपद केवळ शोभेचे असल्याचे लेखकाचे मत मला मुळीच पटत नाही. जून १९७२ मध्ये व्हाइट हाउसचे वकील जॉन डीन यांनी, वॉटरगेट इमारतीतील डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात घुसताना पकडलेल्यांचा जामीन आणि पगार सीआयएने भरावा अशी गळ घातली, ती उपसंचालक व्हर्नन वॉल्टर्स यांना, आणि पदावर येऊन जेमतेम दोन महिने झालेल्या या लष्करी अधिकाऱ्याने ती ठामपणे नाकारली. (त्याआधी तपास आवरता घेण्याचा व्हाइट हाउसचा निरोप त्यांनी एफबीआय या तपास यंत्रणेला पोचवला होता, हेही नोंदवायला हवे.) प्रत्येक भेटीनंतर त्यांनी लिहून ठेवलेली टिपणे पुढे चौकशीत पुरावा ठरली. शिवाय संचालक अचानक गेल्यास कारभार उपसंचालकाकडेच येतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये संचालक डेव्हिड पेट्रेयस यांच्या राजीनाम्यानंतर उपसंचालक मायकेल मोरेल यांनी तो काही महिने सांभाळला.