जन्मतारीख : १ जून

गेल्या आठवड्यात स्वारगेटहून वाईला जाणाऱ्या एसटीत एका गृहस्थांनी मला माझ्याच बायकोचा बाप ठरवलं. राग अजून पुरता गेलेला नाही. तो जायच्या आत लिहून टाकतो.

वाईला मेव्हणीच्या मुलाचं लग्न होतं. कुत्र्याला चौथ्या मजल्यावरच्यांच्या हवाली केलं आणि निघालो. गाडीत बायको खिडकीशी, तिच्या शेजारी मी, आणि पलीकडच्या सीटवर हे. पांढराशुभ्र शर्ट, टोपी, मांडीवर स्टीलचा डबा. वय साठीच्या आसपास, म्हणजे माझ्याहून लहानच. कात्रजचा बोगदा येईपर्यंत गप्प होते. मग माझ्यावरून वाकून, मी जणू सीटचा हात आहे अशा थाटात, त्यांनी बायकोला सांगितलं, "ताई, वडलांना खिडकीत बसवा. घाटात गरगरतं म्हाताऱ्या माणसाला."

मी मागे वळून पाहिलं. मागच्या सीटवर कॉलेजची दोन पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. म्हातारं माणूस कुठेच दिसेना.

आता इथे बायकोने काय म्हणायला हवं होतं? दोन शब्दांचं काम होतं. ती म्हणाली, "नको, त्यांना वारा सोसत नाही."

तेवढ्यात कंडक्टरबाई आल्या. पंचविशीची मुलगी, गळ्यात तिकिटाचं मशीन. बायकोला "ताई" म्हणाली, मला "काका" म्हणाली. काकाबद्दल माझी तक्रार नाही. बायकोचं अर्धं तिकीट लगेच निघालं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं भाडं आहे. बाई असलं की पुरे, वय कोणी विचारत नाही. ६५ ते ७५ मधल्या पुरुषांनाही निम्मंच आहे, पण पुरुषाला आधी म्हातारपण सिद्ध करावं लागतं.

"काका, आधार?"

मी खिशात हात घालतोय तोच पलीकडून आवाज आला, "ओ मॅडम, त्यास्नी कशाला तिकीट? पंच्याहत्तरच्या वर फुकट हाय की! अमृत योजना!"

"मी अडुसष्टचा आहे," मी म्हणालो.

"किती?"

"अडुसष्ट!"

"ऐकायला बी कमी येतंय वाटतं," ते बायकोला म्हणाले.

किती म्हणून विचारलं त्यांनी, आणि बहिरा मी!

आधार पाकिटाच्या सगळ्यात आतल्या कप्प्यात असतं. ते निघेपर्यंत एक सांगून घेतो. निवृत्त झाल्यापासून माझं वय माझं राहिलेलं नाही. ज्याला जसं सोयीचं पडेल तसं तो ते लावतो. रेल्वेच्या हिशेबी मी तरुण आहे. साठीनंतर पुरुषांना ४० टक्के सवलत होती, बायकांना ५८ पासून ५० टक्के. मार्च २०२० मध्ये करोनात बंद झाली ती झालीच. करोना गेला, मास्क गेले, सवलत काही परत आली नाही. यंदा मुलीकडे बंगळूरला उद्यान एक्स्प्रेसने गेलो ते पूर्ण पैसे मोजून. फॉर्मात वय मात्र विचारतात. कशाला विचारता मग?

मुलाचा हिशेब त्याहून पक्का. जर्मनीला जाताना आपला लॅब्रडॉर आमच्या दारात बांधून गेला. "बाबा, तेवढाच तुम्हाला व्यायाम!" चौतीस किलोचं जनावर मांजर दिसलं की मला सिंहगड रोडवरून फरफटत नेतं, त्याला व्यायाम म्हणतात. त्याच मुलाला फोनवर म्हटलं, दिवाळीनंतर गाडी काढून आम्ही दोघं गुहागरला जाऊन येतो, तर लगेच, "बाबा, या वयात घाटात गाडी?" कुत्र्याच्या खाण्याच्या पिशवीवर मोठ्या अक्षरात 'सीनियर' लिहिलेलं आहे. त्यातले दाणे गुडघ्यांसाठी चांगले असतात म्हणे. घरात दोघांचे गुडघे दुखतात, दाणे एकालाच मिळतात.

आणि सोसायटी. "काका, तुम्ही घरीच असता ना?" या एका प्रश्नावर पुण्यातल्या निम्म्या सोसायट्या चालतात. लिफ्टवाला येणार, काका थांबा. वर्गणीची पावती फाडायची, काका बघा. पाण्याचा टँकर पूर्ण भरून आलाय की अर्धा, हे शिडीने टँकरवर चढून, झाकण उघडून पाहायचं काम सर्वानुमते माझ्याकडे आलं. मी चढतो. भर उन्हात चढतो. आणि १ ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनी, याच मंडळींनी मला शाल दिली तेव्हा दोन पायऱ्यांच्या स्टेजवर चढवायला दोन तरुणांनी माझी दोन बखोटी धरली होती. त्यातला एक तर मला टँकरची शिडी धरून देतो असं म्हणून कधीच न येणारा. शाल नायलॉनची होती. असो, आधार सापडलं.

मुलीने कार्ड पाहिलं, मान डोलावली. विषय तिथे संपला होता. पण यांनी पलीकडून मान लांब करून ते वाचलं.

"एक जून!" केवढ्यांदा ओरडले. "एक जून सत्तावन्न! मॅडम, ही खरी तारीख न्हाई. ही शाळंतली तारीख हाय!"

इथे माझं दुःख समजून घ्या. महाराष्ट्रातली आमच्या पिढीची अर्धी माणसं कागदावर १ जूनला जन्मली आहेत. शाळेत नाव घालताना घरच्यांना तारीख आठवायची नाही, गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. मी मात्र खरोखरच १ जूनचा आहे. पुण्यातल्या प्रसूतिगृहात, सकाळी सव्वासहाला, दाखल्यानिशी. अख्ख्या नोकरीत माझा वाढदिवस कोणी गंभीरपणे घेतला नाही. एसटीचा जन्मही १ जूनचाच, १९४८ चा, पुण्याहून नगरला पहिली गाडी सुटली तो दिवस. त्या वाढदिवसाला मात्र गाड्यांना हार घालतात.

"आमच्या घरात पाच जण एक जूनचे हायेत," ते आता सगळ्या गाडीला सांगत होते. "आमच्या आबांचं खरं वय कागदापरीस आठ वर्षं जास्त! थांबा, मी काढतो यांचं. बाबा, पानशेत फुटलेलं आठवतंय का?"

मी उत्तर द्यायला नको होतं हे खरं, पण पुण्याच्या माणसाला पानशेतचं विचारलं आणि तो गप्प बसला असं घडलेलं नाही. म्हटलं, "आठवतं तर! १२ जुलै १९६१. आम्ही शनिवारात राहत होतो. काकांच्या खांद्यावर बसून पर्वतीला गेलो."

"केवढे होता तवा?"

"चार वर्षांचा."

ते विजयी मुद्रेने कंडक्टरबाईंकडे वळले. "चार वर्षांच्या पोराला एवढं आठवतं का? तारखेसकट? दहा-बारा वर्षांचे तरी असणार! एकसष्टला बारा, म्हणजे जन्म एकोणपन्नासचा. म्हणजे आज… बसलं की पंच्याहत्तरीच्या वर!"

"बारा वर्षांच्या पोराला खांद्यावर कोण घेतं?" मी कळवळून विचारलं.

"अंगानं बारीक असाल."

पुढच्या सीटवरच्या बाईंनी कोयनेच्या भूकंपाचं विचारून बघा असं सुचवलं. मागच्या पोरांपैकी एकाने मोबाइल खाली ठेवून मला न्याहाळलं आणि म्हणाला, "पंच्याहत्तरच्या मानानं आजोबा फिट आहेत हां." आयुष्यात मला तब्येतीवरून मिळालेली ही एकमेव पावती.

खेड शिवापूरचा टोलनाका मागे पडला तरी कंडक्टरबाई आमच्याच सीटशी. तिची चूक काडीची नव्हती. कार्डावरच्या वयाप्रमाणे ती अर्धं तिकीट देत होती, मी अर्ध्याचे पैसे पुढे करत होतो, आणि मधला तिऱ्हाईत माझ्या वतीने लढत होता. जानेवारी २०२५ मध्ये भाडं १४.९५ टक्के वाढलं तेव्हा हे कुठे होते कोण जाणे. (१५ म्हणायला जीभ रेटली नसावी.)

शेवटी मी उभा राहिलो. खांबाला धरून, पण उभा राहिलो. "हे पाहा, मी ह्यांचा बाप नाही. नवरा आहे!"

गाडीत शांतता. ड्रायव्हरनेसुद्धा आरशात पाहिलं. त्या गृहस्थांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा हिच्याकडे. हिने केस रंगवलेले आहेत हे सांगायची ही वेळ नव्हती. बराच विचार करून त्यांनी आवाज खाली आणला आणि अत्यंत सहानुभूतीने हिला विचारलं, "बिजवर का?"

आणि बायको, जिने लग्नात माझ्या नावाने घास भरवताना पाच ओळींचा उखाणा घेतला होता ती बायको, पदरात तोंड खुपसून हलायला लागली. त्यांना वाटलं रडतेय. "असू द्या ताई," ते म्हणाले. "पूर्वी असायचंच तसं. माणूस चांगलं असलं की झालं." मग डबा उघडून त्यांनी हिला एक शेंगदाण्याचा लाडू दिला. मला नाही. माझ्या दातांचा विचार केला असणार.

शिरवळला उतरताना ते मला खांद्यावर थोपटून गेले. "आधार दुरुस्त करून घ्या, बाबा. हक्काचे पैसे हायेत."

खंबाटकीचा घाट संपेपर्यंत मी बोललो नाही. हिने तो लाडू अर्धा करून पुढे केला, तो घेतला नाही. (मागाहून मागितला, तेव्हा संपला होता.) वाईला मांडवात शिरेपर्यंत ही कथा चार मावश्यांपर्यंत पोचली होती, आणि जो येईल तो मला वाकून नमस्कार करत होता. त्यात व्याह्यांच्या एका भावाने, वय वर्षं ७१, "तुम्ही बसा हो, उभे राहू नका" म्हणून स्वतःची खुर्ची दिली.

दुपारी कोणीतरी पुकारलं, ज्येष्ठांची पहिली पंगत. बायको म्हणाली, "मी तरुणांबरोबर दुसरीत बसेन." पहिल्या पंगतीत जिलबी गरम असते, म्हणून मी बसलो. मठ्ठा पाणचट होता. तसं मी यजमानांना बोलावून सांगितलं.