बायवीकली म्हणजे नेमकं कधी?

कॅलेंडरवर 'बायवीकली टीम मीटिंग' असं इन्व्हाइट आलं की माझ्या पोटात गोळा येतो. मीटिंगमुळे नाही हो, मीटिंगा आता अंगवळणी पडल्यात, भीती त्या 'बायवीकली'ची. कारण त्याचे अर्थ दोन, आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा, आणि कहर म्हणजे दोन्ही बरोबर! डिक्शनरी उघडावी तर तिथे दोन्ही एकाखाली एक निवांत बसलेले. म्हणजे कोर्टात जावं आणि जजसाहेबांनी म्हणावं, तुमचंही खरं, त्यांचंही खरं, चला पुढची केस.

मग होतं काय, अर्धी मंडळी हजर आणि उरलेल्यांच्या डोक्यात मीटिंग पुढच्या आठवड्यात. आलेले लोक पाच मिनिटं 'आवाज येतोय का, स्क्रीन दिसतेय का' करतात आणि मग 'ठीके, सगळे असताना बोलू' म्हणून सटकतात. (हा एक फायदा मात्र मान्य करायला हवा.)

सगळा घोळ त्या 'बाय'चा. हा लॅटिनमधला, अर्थ दोन, आपल्या संस्कृत 'द्वि'चा भाऊबंदच. बायसिकलला दोन चाकं, इथवर गडी सरळ वागतो, पण काळाला चिकटला की दोन वेळा की दोन आठवडे ते काही बोलत नाही. बायमन्थलीची तीच रड. वर्षाच्या बाबतीत इंग्रजीने जरा डोकं चालवलं, बायॲन्युअल म्हणजे वर्षातून दोनदा आणि बायेनियल म्हणजे दोन वर्षांतून एकदा, व्हेनिसला १८९५ साली सुरू झालेलं ते कलाप्रदर्शन बिएनाले म्हणतात ते यातलंच. पण दोघांत फरक किती, तर उच्चारताना जेमतेम कळेल इतका. आगीतून फुफाट्यात.

गंमत म्हणजे पगाराच्या वेळी कुणाचाच गोंधळ होत नाही. अमेरिकेत बायवीकली पगार म्हणजे दर दोन आठवड्यांनी, वर्षाला साधारण २६ वेळा, आणि सेमीमन्थली, म्हणजे महिन्यातून दोनदा, असेल तर २४ वेळा, हिशोब चोख. आठवड्यातून दोनदा पगार असा अर्थ काढणारा अकाउंट्सवाला अजून तरी माझ्या पाहण्यात नाही.

बरं, इंग्रजीत यावर फोर्टनाइट हा चांगला शब्द पडून आहे, जुन्या इंग्रजीतल्या 'चौदा रात्रीं'वरून आलेला. जर्मन टोळ्या दिवस न मोजता रात्री मोजायच्या असं रोमन इतिहासकार टॅसिटस पहिल्या शतकातच लिहून गेलाय. सात रात्रींचा 'सेनाइट' पण होता, तो बिचारा कधीच मागे पडला. (त्यांच्या चौदा रात्री आणि आपला पंधरवडा, मधला एक दिवस कुणी खाल्ला ते तिथींना विचारा.) पण अमेरिकन मंडळी हा शब्द सहसा वापरत नाहीत आणि नव्या पोरांना फोर्टनाइट म्हटलं की गेमच आठवतो. मी एकदा इन्व्हाइटमध्ये 'फोर्टनाइटली' लिहिलं तर एकाने विचारलं, कंट्रोलर आपापला आणायचा का.

शेवटी म्हटलं, मरो ते इंग्रजी, आणि ग्रुपवर शुद्ध मराठीत टाकलं, 'मीटिंग दर दुसऱ्या मंगळवारी'. दोन मिनिटांत रिप्लाय, "दर दुसऱ्या म्हणजे एक सोडून एक, की महिन्यातला दुसरा?"