नदीला वळण कसं लावावं

नदीचं मूळ शोधू नये, असं जुनी माणसं सांगून गेली. तुम्ही त्यांच्याही पुढे जा. नदीच्या काठची मुळंसुद्धा शोधू नका आणि दिसलीच तर उपटून टाका. नदीकाठी दोन गुंठे घेतलेले, घेऊ पाहणारे, किंवा सोसायटीच्या कमिटीवर निवडून आल्यामुळे मागच्या ओढ्याचं काहीतरी केलंच पाहिजे असं वाटू लागलेले, अशा सगळ्यांसाठी हे चार अनुभवाचे बोल.

जागा मे महिन्यात बघावी. मे महिन्यात कृष्णा काय आणि पंचगंगा काय, गरीब गायीसारख्या असतात. बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले, पाणी संथ, पलीकडच्या काठाला कुणीतरी म्हशी धुतोय. एजंट हात लांब करून म्हणतो, "इथवर पाणी कधी आलेलं नाही बघा." तो खोटं बोलत नाही, गेल्या दिवाळीतच तो या धंद्यात आलाय. शेजारच्या जुन्या घराच्या भिंतीवर तेलरंगात रेघा मारून २००५, २०१९ असं लिहिलेलं दिसलं तर तिकडे पाठ करून उभे राहा. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४५ फुटांना धोका पातळी धरतात आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, हे तुम्हालाही पाठ आहे आणि एजंटलाही. पण सौदा ठरताना असले विषय काढणं बरं दिसत नाही.

नकाशावर दोन रेषा असतात. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. याचा अर्थ असा घ्यायचा की, २०१९ला येऊन गेला, आता पुढचा नातवंडांनी बघावा. २०२१ला तो पुन्हा आला, कारण नदीला कॅलेंडर वाचता येत नाही. गणिताचे मास्तर भेटले तर सांगतील की निळी रेषा म्हणजे दरवर्षी नव्यानं निघणारी सोडत आहे, १०० चिठ्ठ्यांत चार तुमच्या नावाच्या. ३० वर्षांचं गृहकर्ज काढलंत तर हप्ते फिटेपर्यंत पाणी निदान एकदा त्या रेषेला लागण्याची शक्यता ७० टक्के भरते. पण तुम्ही बँकेचे टक्के बघा, मास्तरांचे कशाला बघता?

जागा झाली. आता नदीला वळण लावायचं, म्हणजे तिची वळणं काढायची. कोल्हापूरहून नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळायला जाणारी पंचगंगा नकाशावर बघा. समोर सरळ वाट असताना इकडे जा, तिकडे जा, मागे फिर, परत पुढे ये. माणूस असा चालला असता तर आपण तोंडाचा वास घेऊन बघितला असता.

ही तिची जुनी खोड आहे. वळणाच्या बाहेरच्या काठाला पाण्याचा जोर लागतो, काठ पोखरतो, खाली डोह पडतो. वरच्या थराचं पाणी त्या काठाकडे रेटलं जातं, तिथे बुडी मारतं आणि तळाची वाळू घेऊन आतल्या काठाकडे निघतं. म्हणजे पुढे जाता जाता पाणी मळसूत्रासारखं पिळत जातं. आतल्या काठाला जोर कमी, तिथे ओझं उतरवायचं. एका काठाचं काढून दुसऱ्या काठाला घालण्याच्या या उद्योगानं वळण आणखीच वळतं. डोह, मग उथळ खळखळ, मग पुन्हा डोह. दोन डोहांमधलं अंतरही साधारण पात्राच्या रुंदीच्या पाच ते सात पट, मोजून घेतल्यासारखं.

ही चैन बंद करा आणि सरळ चर खणा. तेवढीच उंची कमी लांबीत उतरायची म्हणजे उतार वाढला, पाणी धावत सुटलं. ते तळ खरवडतं, वरच्या अंगाला पात्र खोल करत जातं आणि खरवडलेला सगळा माल खालच्या अंगाला नेऊन ओततं. खालच्या अंगाला दुसरा मतदारसंघ लागत असेल तर काम एकदम निर्धोक.

अमेरिकेनं हे करून दाखवलंय. फ्लोरिडातली किसिमी नदी १६६ किलोमीटर नागमोडी जायची. १९६२ ते १९७१ या काळात लष्कराच्या अभियंत्यांनी तिचा ९० किलोमीटरांचा सरळ कालवा केला. काठच्या पाणथळ जागा सुकल्या, हिवाळी बदकं यायची जवळजवळ थांबली, लोक हळहळले. मग १९९९ला त्याच कालव्याचे लांबच लांब तुकडे बुजवून जुनी वळणं परत जिवंत करायचं काम निघालं, ते २०२१पर्यंत चाललं. एकाच नदीवर दोनदा बिलं निघाली! आपल्याकडचे ठेकेदार उगाच रस्त्यांच्या खड्ड्यांत अडकून पडलेत.

आता झाडोरा. काठ 'अस्वच्छ' दिसतो तो याच्यामुळेच. खात्री करायची असेल तर दिवाळीनंतर एखाद्या वळणाच्या आतल्या काठाला जाऊन बसा. पाण्यालगत गोटे. मग जाड वाळू, मग बारीक, तळव्याला मऊ लागणारी. मग भेगाळलेला गाळ आणि त्यात लव्हाळ्याचे झुपके. त्यांच्या मागे शेरणीची झुडपं, पूर गेला त्या दिशेला अजून आडवी झोपलेली, फांद्यांत काडीकचरा आणि कुणाच्या तरी दुकानाची पिशवी. मग वाळुंजाची झाडं. आणि सगळ्यांत वर करंज, जांभूळ, उंबर. पंगत बसावी तसं ज्याचं त्याचं पान ठरलेलं. ही पानं पुरानं मांडलीत. किती दिवस पाण्याखाली राहायची आणि किती जोर सोसायची ऐपत आहे, त्याप्रमाणे जो तो बसलाय. आणि बसल्या जागेवरून हीच मंडळी पुढच्या पुराला सांगतात, जरा हळू.

लव्हाळ्याचा एक झुपका उपटून बघा. सहजी येत नाही. दोन्ही हातांनी धरून, पाय रोवून ओढला तर खालून ताटाएवढा गाळाचा गोळा घेऊन येतो. पाण्यात खळबळलात तरी मुळांच्या जटा तो सोडत नाहीत. गोळा मधोमध मोडलात तर आत थर दिसतात: बोटभर काळा गाळ, त्यावर चिमूटभर वाळू, पुन्हा काळा. पूर येऊन गेला की एखादा थर वाढायचा. झुपक्यात शिरलं की पाणी मंदावतं, मंदावलं की हातातलं खाली ठेवतं, खाली ठेवलेल्यावर नवं बी रुजतं, त्यानं पाणी अजून मंदावतं. असा काठ वितीवितीनं चढत जातो. एखादा उंबर उन्मळून पात्रात आडवा झाला तर त्याच्या आडोशाला वाळू धरते, वाळूवर लव्हाळा येतो आणि काही वर्षांनी तिथे बेट असतं. इतकं बांधकाम, आणि निविदा नाही, मोजमाप पुस्तिका नाही, उद्घाटनाची कोनशिला नाही! उघडउघड अनधिकृत. जेसीबी बोलवा.

एकदा बोलावून भागणार नाही, हेही सांगून ठेवतो. वाळुंजाची फांदी मोडून ओल्या गाळात खोचली तरी मुळं धरते. करंजाच्या शेंगा पाण्यावर तरंगत जाऊन खालच्या काठाला लागतात. वार्षिक कंत्राटच द्या.

आमच्या सोसायटीमागच्या ओढ्यावर हा प्रयोग झालेला आहे. साप निघतात म्हणून ठराव झाला, त्यावर माझीही सही आहे. दोन दिवसांत काठ नुकतीच दाढी केल्यासारखा गुळगुळीत. फोटो ग्रुपवर पडले, अंगठे आले. पहिल्या मोठ्या पावसात काठाची माती, कुंपणाचे तीन खांब आणि नानांची चाफ्याची कुंडी ओढ्यात गेली. आम्ही ताबडतोब धडा घेतला आणि भिंतीचं कोटेशन मागवलं.

सगळाच हिरवेपणा वाईट असतो असं नाही. जलपर्णी राहू द्या. ती दक्षिण अमेरिकेतून आलीय, पाहुणी आहे. मुळं जमिनीला टेकत नाहीत, काठ धरून ठेवायची भानगड नाही, नुसतं सांडपाण्यावर गुबगुबीत होते. त्यासाठी गावाचं मैलापाणी न चुकता सोडत जा. पुढे ती काढायचं मशीन आणता येतं.

भिंत मात्र हवीच. काठ पावसाळ्यात पाणी पितो आणि हिवाळ्यात थोडं थोडं पात्रात परत सोडतो. ही उधारउसनवारी काँक्रीटनं कायमची मिटते. गुळगुळीत भिंतीला घासून पाण्याचा वेगही मोडत नाही, त्यामुळे तुमचा पूर खालच्या गावाला लवकर पोचतो. शेजारधर्म म्हणतात तो हाच. भिंतीच्या आत हिरवळ अंथरा. तिची मुळं वीतभरही जात नाहीत, जमिनीच्या कारभारात लुडबुड करत नाहीत.

मग भराव. पूर जिथे पसरतो आणि गाळ टाकतो त्या पट्ट्याला आमच्याकडे मळी म्हणतात. साखर कारखान्याची मळी वेगळी: ती माणसं नदीत सोडतात, ही नदी बाहेर सोडते. कृष्णाकाठच्या वांग्यांचं कौतुक होतं ते या मळीच्या जिवावर. अशा जमिनीवर नुसती वांगी काढणं म्हणजे भांडवल कुजवणं. एक एकर मळीवर दोन मीटर मुरूम आणि राडारोडा टाका. पुराचं ८० लाख लिटर पाणी, म्हणजे मोठे ८०० टँकर, जे तुमच्या जागेत येऊन निवांत बसणार होते, ते आता दुसऱ्या कुणाची तरी जागा शोधतील. शोधू द्या.

एक बारीकशी अडचण आहे. पूर काठावरून पसरतो तेव्हा जाड वाळू आधी टाकतो आणि बारीक गाळ लांब नेतो. त्यामुळे काठाची कड जरा उंच असते आणि मागची जमीन खोलगट. गॅलरीत उभं राहून बघितलं तर पाणी अजून खूप खाली दिसतं, चहा घ्यायला वेळ आहे असं वाटतं, आणि तेवढ्यात ते मागच्या नाल्यातून परसदारी आलेलं असतं. स्वागताची रांगोळी मागच्या दारी काढा.

पाणी चढू लागलं की शब्द नीट वापरावेत. नरसोबाच्या वाडीत नदी देवळात शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडते त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात, तिथे लोक स्नानाला जातात. तुमच्या पार्किंगमध्ये शिरली की ती आपत्ती. वाडीला कृष्णा चढली म्हणून पंचगंगेला फुगवटा आला, असलं काही बोलू नका. थेट अलमट्टीकडे बोट दाखवा. धरण कर्नाटकात, खालच्या अंगाला आहे, त्यामुळे बोट दाखवताना तुमच्या भरावाकडे आपोआप पाठ होते.

पाणी उतरलं की पंचनाम्याला माणसं येतील. त्यांना गाळ दाखवा. फरशीवर चार बोटं असेल, काळाभोर, लोण्यासारखा. फावड्यानं ओढायचा आणि परत नदीतच लोटायचा. कोपऱ्यातला एखादा ढीग राहून जातो. पंधरा दिवसांनी त्यात, बुडालेल्या ॲक्टिव्हाच्या चाकाशी, चकचकीत पोपटी दोन पानं वर आलेली दिसतील. तो करंज आहे. लगेच उपटून टाका. जड जाईल, दोन्ही हात लावा.