अपघातानंतर "मिटवून टाका" म्हणणाऱ्यांसाठी

आपल्याकडं रस्त्यावर माणूस गेला की दहाव्याच्या आत एक बैठक बसतेच. गाडीमालक, त्याचा कुणीतरी पाहुणा, गावातले दोन-चार पुढारी आणि इकडून मयताचा भाऊ नाहीतर चुलता. बायको आत. चहा होतो, "गेलेला माणूस काय परत येणार नाही" असं कुणीतरी म्हणतं, मग आकडा लाख-दीड लाखावर येऊन थांबतो आणि स्टॅम्पपेपरवर "आमची कुणाविरुद्ध काही तक्रार नाही" असं लिहून घेतात. अशा बैठकांना मी बसलोय म्हणून लिहितोय, कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

अहो, पोलीस केस वेगळी आणि क्लेम वेगळा. ड्रायव्हर पण गरीबच आहे, त्याची पोरं लहान आहेत, त्याला माफ करायचं का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण मोटार अपघात न्यायाधिकरणात जो दावा लावतात त्याचे पैसे शक्यतो इन्शुरन्स कंपनी देते, ड्रायव्हरच्या घरातली भांडी विकून येत नाहीत ते. थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा, कायद्याने सक्तीचा केलाय तो त्यासाठीच. मग क्लेम सोडून तुम्ही उपकार नेमके कुणावर करताय, कंपनीवर? आणि जो मालक मिटवायची फारच घाई करतोय ना, त्याच्या गाडीचा नंबर आधी एमपरिवहन ॲपवर टाकून बघा. विमा संपलेला असेल, नाहीतर ड्रायव्हरकडे लायसन्स नसेल. विमा नसला तर सगळी रक्कम मालकावर येते, लायसन्स नसलं तर बऱ्याच वेळा कंपनीला आधी पैसे भरून मग मालकाकडून वसूल करायला सांगतात. त्याची घाई का आहे ते कळलं असेल आता.

आता हिशोब बघा, कारण लाख-दीड लाख म्हणजे लय झाले असं वाटतं ना लोकांना. समजा 34 वर्षांचा गवंडी, महिन्याला 15 हजार कमावणारा, मागे बायको, दोन पोरं, आई. सुप्रीम कोर्टाने 2009 च्या सरला वर्मा केसमध्ये वयानुसार गुणकाचा (म्हणजे वर्षाची कमाई किती पट धरायची त्याचा) तक्ता घालून दिला आणि 2017 च्या प्रणय सेठी केसमध्ये पुढे वाढणारी कमाई कशी धरायची ते ठरवलं. स्वतःच्या हातावर कमावणारा चाळिशीच्या आतला असेल तर 40 टक्के वाढवायचे, म्हणजे झाले 21 हजार. अवलंबून असलेले चार जण, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा, राहिले 15,750. वर्षाचे 1 लाख 89 हजार, आणि 31 ते 35 वयाला गुणक 16. 30 लाख 24 हजार होतात. त्यावर अंत्यविधीचा खर्च, बायकापोरांचा सहवास तुटल्याची भरपाई आणि व्याज वेगळं. कुठं 30 लाख आणि कुठं ओट्यावरचे दीड लाख.

पण हे कागदावर. खरी मारामारी त्या 15 हजारांवर होते. गवंड्याला पगाराची स्लिप कोण देतो? कंपनीचा वकील म्हणणार पुरावा काय, आणि कोर्टाने अंदाजे 8 हजार धरले की तोच हिशोब सोळा लाखांवर येतो, निम्माच जवळजवळ. म्हणून रडत रडत का होईना पण पहिल्या महिन्यातच ठेकेदाराची हजेरीची डायरी, फोनपेला आलेले पैसे, बँकेचं पासबुक, बांधकाम कामगार नोंदणीचं कार्ड हे सगळं एका पिशवीत गोळा करून ठेवा. ठेकेदार आज साक्ष द्यायला तयार असतो, दोन वर्षांनी फोन उचलत नाही. आणि शाळा सोडल्याचा दाखला काढाच. आपल्याकडं अर्ध्या गावाचा आधारवरचा जन्म 1 जानेवारीचा, आणि वय 35 चं 36 झालं तर गुणक 16 चा 15 होतो, म्हणजे वरच्या हिशोबात वयाच्या एका वर्षापायी 1 लाख 89 हजार गेले. वयासाठी आधारपेक्षा शाळेचा दाखला धरा असं सुप्रीम कोर्टाने 2024 मध्ये अपघाताच्याच एका केसमध्ये सांगितलंय.

बाई गेली तर अजून वाईट. कागदावर व्यवसाय "घरकाम" आणि बैठकीत लोक म्हणतात ती कुठं कमावत होती. पहाटे उठून धारा काढायच्या, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायचं, सासूचं दुखणंखुपणं बघायचं, हे फुकटच धरायचं का? 2021 च्या कीर्ती केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हटलंय की गृहिणीचंही काल्पनिक उत्पन्न धरायचं आणि त्यावर भविष्यातली वाढसुद्धा द्यायची. कोर्टाला पटलं, आमच्या भावकीला अजून पटायचंय.

"वर्षश्राद्ध होऊ दे, मग बघू" हे तर अजिबात नको. 1 एप्रिल 2022 पासून अपघातानंतर सहा महिन्यांत अर्ज करायची अट आली आहे. तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलंय हे खरं, पण त्या भरवशावर कशाला बसायचं. अपघात नागपूरकडं झाला म्हणून नागपूरला खेटे घालायचे असंही नाही, आपण राहतो तिथल्या जिल्ह्यातही दावा लावता येतो. वकील टक्केवारीवर केस घेतो म्हणाला तर उठून या, तसं करायला त्यांना नियमानेच बंदी आहे. (घेतात सगळीकडं, ते मलाही माहितीये.)

आणि "मेल्या माणसाचे पैसे खायचे का" म्हणणाऱ्या आत्याबाई प्रत्येक घरात असतात, त्यांना सांगा की एलआयसीचे पैसे घेताना कुणी असं विचारत नाही. एलआयसीचे मिळाले म्हणून अपघाताच्या क्लेममधून ते वजाही होत नाहीत, आपल्या एसटी महामंडळाविरुद्धच्या एका जुन्या केसमध्येच सुप्रीम कोर्टाने हे सांगून ठेवलंय. शिवाय कोर्ट सगळी रक्कम कुणाच्या एकाच्या हातात देत नाही, लहान पोरांच्या वाट्याची एफडी करायला लावतं, दिराला हात लावता येत नाही. काही घरात क्लेमला विरोध का होतो त्याचं खरं कारण मला इथं दिसतं.

गाडी ठोकून पळून गेली, सापडलीच नाही, तरी हात हलवत बसू नका. हिट अँड रनमध्ये मृत्यू झाला तर 2 लाख मिळतात, पूर्वी 25 हजार होते, अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे.

लग्नसराई येतेय म्हणून एवढं एक सांगतो, वऱ्हाड पिकअपमध्ये कोंबून नेऊ नका. मालवाहू गाडीत असंच बसलेल्या माणसाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही हे सुप्रीम कोर्टाने कधीच सांगितलंय. उलटली गाडी तर भरपाई येते पिकअपच्या मालकावर, आणि तो बहुतेक वेळा नवरदेवाचा मामाच असतो.