नग एक, चाकांसह

बाहा स्पर्धेसाठी आम्ही कॉलेजात जी गाडी बनवतोय तिचं इंजिन एचओडी सरांच्या, म्हणजे विभागप्रमुखांच्या, केबिनमधे असतं. काचेच्या कपाटात, बुद्धिबळाच्या जुन्या ढाली आणि प्लास्टिकच्या गुलाबांच्या मधे. तसं ते ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं १० हॉर्सपॉवरचं, एका सिलिंडरचं, गवत कापायच्या मशीनच्या खानदानातलं इंजिन आहे, पण महाग आहे आणि वर्कशॉपमधून चोरीला जाईल असं सरांचं म्हणणं. म्हणजे गाडी वर्कशॉपमधे, इंजिन केबिनमधे आणि आम्ही कॉरिडॉरमधे. माउंटिंगचं माप घ्यायचं तर आधी सर जागेवर हवेत, मग त्यांचा मूड हवा, मग कपाटाची किल्ली हवी, हे सगळं जुळून आलं की आम्ही टेप घेऊन कपाटापुढे गुडघे टेकून बसतो आणि बाहेरून जाणाऱ्या फर्स्ट इयरच्या पोरांना वाटतं आत कसली तरी पूजा चाललीय.

तर बाहा. माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: इंजिनिअरिंग कॉलेजांची स्पर्धा, एक सीटची, खड्ड्या-चिखलातून जाणारी गाडी पोरांनी स्वतः डिझाइन करायची, स्वतः बनवायची आणि मग ४ तासांच्या एन्ड्युरन्स रेसमधे तिचे हाल करायचे. अमेरिकेत १९७६ पासून चालू आहे, भारतात २००७ पासून, आणि ते पण कुठे, तर पीथमपूरला. म्हणजे आमच्या इंदूरच्या दाराशी. तिथेच त्या नॅट्रॅक्सचा, म्हणजे गाड्या तपासायच्या सरकारी केंद्राचा, ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे, २०२१ मधे उद्घाटन झालेला, त्यावर आमच्या गाडीला कुणी उभं करणार नाही ही गोष्ट वेगळी, आमची जागा चिखलात. पण मुद्दा असा की तामिळनाडूची पोरं आख्खा देश ओलांडून ट्रकमधे गाडी घालून पीथमपूरला पोचतात आणि आम्हाला आमच्याच कॉलेजचं गेट ओलांडता येत नाही.

झालं असं की चेसिसचं, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचं, वेल्डिंग. रोल केज म्हणजे ड्रायव्हरभोवतीचा पाईपांचा पिंजरा, त्यासाठी रूलबुकात पाईपचा व्यास, जाडी, कार्बन किती टक्के, सगळं लिहिलेलं असतं (कमीत कमी ०.१८, रात्री झोपेत विचारा), त्यामुळे भंगारातला पाईप चालत नाही. तो आम्ही वर्गणी काढून आणला. कॉलेजच्या वर्कशॉपमधे जो आर्क वेल्डिंगचा सेट आहे त्याचा होल्डर सुतळीने बांधलाय. त्याच्यावर टॅक, म्हणजे वेल्डिंगचे तात्पुरते टाके, मारून घेतले तेवढ्यातच पुढचे दोन पाईप असे ओढले गेले की स्टेअरिंगचा रॅक बसेना. आता सगळं कापून, जिगवर (पाईप जागच्या जागी धरणारा साचा) घेऊन, सांवेर रोडला एका आर्गनवाल्याकडे, म्हणजे आर्गन गॅस वापरून वेल्डिंग करणाऱ्याकडे, नेणं भाग होतं. त्याने चारची वेळ दिली. टेम्पो ठरला. चेसिस ढकलता यावी म्हणून चाकं लावून ठेवली.

गेटवर वॉचमन काका होते. नवीनच आलेले. आधीच्या भियाला (भैय्याला आम्ही इंदूरवाले भिया म्हणतो) आम्ही चहा पाजून पाजून तयार केला होता, त्याची बदली झाली.

"हे काय आहे?" हिंदीत.

"गाडी आहे."

"नंबर?"

"नंबर नसतो याला, रस्त्यावर नाही चालवायची. टेम्पोत जाणार."

"इंजिन?"

"केबिनमधे आहे. एचओडी सरांच्या."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग गाडीभोवती एक फेरी मारली. "स्टेअरिंग?" आमच्या ड्रायव्हर मुलीने खांद्यावरची कापडी पिशवी उघडून दाखवली, त्यात स्टेअरिंग होतं, आणि तिचा डबा.

"नंबर नाही, इंजिन नाही, स्टेअरिंग पिशवीत. मग गाडी कशी?"

यावर सांगा काय बोलणार. बरं माणूस चुकीचं काही बोलत नव्हता. गाडी नाही म्हणजे सामान, आणि सामान म्हणजे स्टोअरचा पास, आणि स्टोअरचे साहेब दुपारी लग्नाला गेलेले. तेवढ्यात माझ्या आईचा फोन आला, मी "अगं हो, ठेव, नंतर करतो" म्हणालो आणि काकांचा चेहरा एकदम बदलला.

"मराठी का रे तू?"

मला वाटलं सुटलो! इंदूरमधे हे नेहमी होतं, अर्धा तास हिंदीत भांडल्यावर कळतं की समोरचा पण आपल्यातलाच. मी म्हटलं हो काका, रामबागेतला. "रामबागेत कुणाचा?" सांगितलं. "म्हणजे तुझी आजी ती गणपतीत भजनाला पेटी वाजवायची ती?" हो. "तुझा मामा बँकेत होता, उज्जैनला?" हो हो. टीममधले बाकीचे, त्यातले दोघं रतलामचे आणि एक बिहारचा, आशेने बघत होते. काकांनी माझ्या आईचं माहेर, मावशीचं सासर, आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं व्यवस्थित तपासून घेतलं आणि मग रजिस्टर उघडून म्हणाले, "हे बघ बाळ, ओळखीच्या माणसाला तर मुळीच सोडता येत नाही. उद्या लोक म्हणतील आपलं आपलं बघितलं."

मग त्यांनी सांगितलं की त्यांचे वडील इंदूरच्या हुकुमचंद कापड मिलच्या गेटवर होते. पासाशिवाय सुताची गुंडी बाहेर जाऊ दिली नाही त्यांनी, एकदा मॅनेजरची सायकल अडवली होती. मिल १९९१ मधे बंद पडली, कामगारांना थकलेले पैसे मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, कितीतरी जण तोवर वरती गेले होते, हे पण काकांनीच सांगितलं, शांतपणे. मी काय बोलणार. तसं बघितलं तर मिलमधून जे जायचं ते सगळं गेलंच की, गेटवर फक्त गुंडी अडली. पण हे मी मनात म्हटलं, कारण टेम्पोवाला हॉर्न द्यायला लागला होता. "भिया, खड़े रहने का अलग लगेगा."

काका रजिस्टरची पानं मागे मागे उलटत गेले. "आत काय आलं होतं?"

"पाईप."

"हां. हे बघ. पाईप, सहा मीटर, सरळ." खरंच तसं लिहिलं होतं, सरळ. "मग पाईप बाहेर न्या. पाईपाला मी नाही म्हणत नाही."

"काका, त्याच पाईपांची ही गाडी केलीय!"

"ते मला कसं कळणार? आत आले सरळ, बाहेर चाललेत वाकडे."

बाहाच्या नियमात ड्रायव्हर ५ सेकंदांत गाडीतून बाहेर पडायला हवा. बेल्ट, हेल्मेट, सगळ्यासकट. आमच्या मुलीने प्रॅक्टिस करून करून गुडघे फोडून घेतलेत. गाडी कॉलेजातून किती वेळात बाहेर पडायला हवी याबद्दल मात्र त्या अमेरिकन लोकांनी काही लिहून ठेवलेलं नाही, त्यांचं सगळं आपलं पाईपाची जाडी.

शेवटी काकांनाच दया आली. म्हणजे दया कसली, आजीची पेटी आठवली असणार. त्यांनी ड्रॉवरमधून एक गुलाबी पास काढला. स्टाफ क्वार्टर्सच्या बगीच्यात पोरांचा एक झोपाळा आहे, तो मोडलेला, दुरुस्तीला पाठवायचा म्हणून सही-शिक्क्यासकट पास कधीचा बनून पडलेला, पण माळी न्यायला आलाच नाही. काकांनी चष्मा वर करून पुन्हा एकदा आमच्या रोल केजकडे नीट बघितलं. लोखंडी आहे. पाईपाचा आहे. मधे बसायला जागा आहे. आणि रजिस्टरमधे सुवाच्य अक्षरात लिहिलं: "झोपाळा, लोखंडी, मोडका, चाकांसह, नग १."

'मोडका' बघून आमचा सस्पेन्शनवाला खरंच रडकुंडीला आला. तीन महिने त्या पोराने चाकं धरणाऱ्या ए-आर्मची भूमिती सोडून काही बघितलं नव्हतं, घरच्या लग्नाला गेला नव्हता. मी त्याला टेम्पोत बसवलं. आर्गनवाला अर्थातच कुणाचं तरी सायलेन्सर घेऊन बसला होता, आमचं काम रात्री झालं.

दुसऱ्या दिवशी परत आलो तर काकांनी 'दुरुस्त होऊन परत' असं लिहून घेतलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

इथे संपलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण आर्गनचं बिल अकाउंट्सला टाकलं तर तिथल्या मॅडम म्हणाल्या, या तारखेला वर्कशॉपचं काही बाहेर गेलेलंच नाही, झोपाळा गेलाय. मग बिल बगीच्याच्या खात्यात टाका. बगीच्याच्या खात्याला माळीकाकांची सही लागते. आणि माळीकाका म्हणतात, कागदावर माझा झोपाळा दुरुस्त झाला, खाली क्वार्टर्सची पोरं मला शिव्या देतात, आता परत पास कोण बनवणार? झोपाळा आधी दुरुस्त करून द्या, मग सही.

आणि मला खरा राग इथे आहे. गेल्याच महिन्यात कॉलेजच्या माहितीपत्रकासाठी फोटो काढला तेव्हा इंजिन कपाटातून दहा मिनिटांत बाहेर आलं होतं. आमची गाडी मधे, सूटवाले आजूबाजूला, आम्ही मागे, म्हणजे कुणाकुणाचे कान दिसतायत. पाच वाजले की वर्कशॉपला कुलूप, नाइट परमिशनचा अर्ज दिवाळीपासून फिरतोय, ब्रेकचे मास्टर सिलिंडर आम्ही खाण्याच्या पैशातून आणलेत, आणि टेक्निकल इन्स्पेक्शनला चारही चाकं एकदम लॉक झाली नाहीत तर जज घरी पाठवणार ते आम्हाला, सूटवाल्यांना नाही.

झोपाळ्याचं मात्र लगेच जमलं. क्वार्टर्सच्या पोरांचा प्रश्न म्हटल्यावर काल वर्कशॉप रात्री नऊपर्यंत उघडं ठेवलं, वर चहा आणि सेव-पोहे पाठवले. नवीन होल्डर पण आला, सुतळी नसलेला. आख्खी टीम कामाला लागली होती. सस्पेन्शनवाल्याने साखळीच्या कड्यांना बुश बसवलेत, म्हणतो आता करकरणार नाही. माळीकाका येऊन दोन झोके घेऊन गेले आणि म्हणाले, रंग लावा, मग सही करतो.