छोटी म्युझिक सॉफ्टवेअर कंपनी विकली जाते तेव्हा घेणारा नक्की काय घेतो?

एखादी छोटी म्युझिक सॉफ्टवेअर कंपनी मोठ्या कंपनीने घेतली अशी बातमी आली की आमच्या अरेंजर-प्रोग्रामर मंडळींच्या, म्हणजे गाण्याचं संगीत कॉम्प्युटरवर बांधणाऱ्यांच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडतात. एक तट म्हणतो, "संपलं, आता हे गाडणार." दुसरा म्हणतो, "टेक्नॉलॉजी भारी होती रे, म्हणून उचलली." मला दोन्ही पटत नाही. गाडायचंच असेल तर एवढे पैसे मोजायचे कशाला? या धंद्यातल्या निम्म्या कंपन्या आपल्या आपण बंद पडतात, नुसतं थांबायचं. आणि टेक्नॉलॉजी म्हणाल, तर ज्यांच्या पदरी हजारो इंजिनिअर आहेत त्यांना एक सिंथेसायझर लिहायला जमत नाही असं थोडंच आहे?

माझ्या मते आधी घेणाऱ्याचा खरा धंदा कशाचा आहे ते बघायचं. निव्वळ म्युझिक सॉफ्टवेअर विकून पोट भरणारे त्यांच्यात फारसे नसतात. त्यांना दुसरंच काही विकायचं असतं, आणि ते विकायला हे सॉफ्टवेअर कामाला येतं. त्या दुसऱ्या मालाचा धंदा जोवर चालू आहे आणि आपलं सॉफ्टवेअर त्याला उपयोगी पडतंय, तोवर सॉफ्टवेअरला मरण नाही. गरज संपली की मालकाला ते आपल्याकडे आहे याचाही विसर पडतो.

इमॅजिकचंच घ्या. जर्मनीत हॅम्बुर्गजवळची कंपनी. मूळची सी-लॅब, अटारी कॉम्प्युटरवर 'नोटेटर' हे संगीताचं सॉफ्टवेअर काढणारी मंडळी. पुढे त्यांनी लॉजिक काढलं, कॉम्प्युटरवर गाणं रचायचं, रेकॉर्ड आणि मिक्स करायचं सॉफ्टवेअर. 1 जुलै 2002 ला ॲपलने कंपनी घेतली. किंमत साधारण 3 कोटी डॉलर असल्याचं तेव्हा छापून आलं होतं. त्या वर्षी ॲपलची उलाढाल 574 कोटी डॉलर होती, म्हणजे हा चिल्लर खर्च. बारा वर्षांनी हेडफोनवाल्या बीट्ससाठी त्यांनी 300 कोटी मोजले, शंभरपट. पण आमच्या धंद्यावर खरा परिणाम केला तो या चिल्लर सौद्याने.

कारण घोषणेतच दोन गोष्टी स्पष्ट होत्या. एक, इमॅजिकची 65 टक्क्यांहून जास्त कमाई मॅकवरच्या मालातून येत होती. दोन, विंडोजवरचं लॉजिक 30 सप्टेंबर 2002 ला बंद. मुदत जेमतेम तीन महिन्यांची. आता हिशोब करा. एखादी कंपनी घेतल्या घेतल्या तिची तिसरा हिस्सा कमाई कोण कापून टाकेल? ज्याला त्या कमाईत रस नाही तोच. ॲपलला लॉजिकचे पैसे नको होते, लॉजिकवर हात बसलेली माणसं हवी होती. ज्याची बोटं त्या सॉफ्टवेअरच्या शॉर्टकटवर बसलीत, ज्याची सगळी सेशन्स त्यातच आहेत, तो सॉफ्टवेअर सोडत नाही. मशीन बदलतो.

मुंबईत तेव्हा छोट्या स्टुडिओत मॅक ही चैन होती. ताडदेवच्या किंवा वांद्र्याच्या मोठ्या स्टुडिओंची गोष्ट वेगळी. गोरेगावला, ठाण्याला एका खोलीत बसून गणपतीची गाणी, लोकगीतांच्या कॅसेटी, सीरियलचे टायटल ट्रॅक करणाऱ्यांकडे लॅमिंग्टन रोडवरून पार्ट जुळवून आणलेला पीसी असायचा. रॅम याच्याकडून, साउंडकार्ड त्याच्याकडून, आणि सॉफ्टवेअर... ते कुठून यायचं हे सगळ्यांना ठाऊक आहे, उगाच खोलात नको. अशा माणसासमोर दोनच वाटा होत्या. विंडोजवर चालणारं क्यूबेस नाहीतर तसलं दुसरं सॉफ्टवेअर नव्याने शिका, किंवा पोटाला चिमटा काढून मॅक घ्या. पुढच्या दहा वर्षांत किती जणांनी दुसरी वाट धरली ते बघायचं असेल तर आज अंधेरी-वर्सोव्यातल्या कुठल्याही प्रोग्रामरच्या टेबलावर नजर टाका.

मशीन विकायचं एकदा ठरलं की सॉफ्टवेअर महाग ठेवण्यात अर्थ उरत नाही. 2004 मध्ये लॉजिक प्रो 999 डॉलरला होतं. 2007 मध्ये लॉजिक स्टुडिओ 499 ला आलं, आणि लायसन्ससाठी यूएसबीत खोचायचा तो डोंगलही गेला. 2011 च्या डिसेंबरात ॲप स्टोअरवर किंमत 199.99. 2013 मध्ये ज्याने मॅकवरचं लॉजिक प्रो एक्स घेतलं त्याला पुढे कितीतरी वर्षं सगळे अपडेट फुकट मिळाले. मिसळवाला तर्री फुकट वाढतो तेव्हा त्याला तर्रीची किंमत कळत नसते असं नाही. जास्तीचा पाव आपण त्याच्याकडूनच घेणार हे त्याला पक्कं माहीत असतं.

पण यात भरडले गेले ते दुसरेच. निव्वळ सॉफ्टवेअर विकून जगणाऱ्यांनी 200 डॉलरच्या लॉजिकसमोर आपला भाव कसा टिकवायचा? एक सिंथ प्लगइन, म्हणजे अशा सॉफ्टवेअरला जोडायचं एक वाद्य, दीडशे-दोनशेला, आणि इथे त्याच पैशात अख्खा स्टुडिओ, वर डझनभर सिंथ. मोठी कंपनी छोट्याला विकत घेते तेव्हा न घेतलेल्या बाकीच्या छोट्यांचाही भाव पडतो, आणि मग त्यांनाही विकण्यावाचून गत्यंतर राहत नाही. मक्तेदारीबद्दल बोलताना ही बाजू फारशी कुणी मांडत नाही.

दुसरी गोष्ट माणसांची. इमॅजिकचे एक संस्थापक गेरहार्ड लेंगेलिंग ॲपलमध्येच राहिले. जानेवारी 2004 मध्ये आलेलं गराजबँड त्यांच्याच देखरेखीखाली तयार झालं. नव्या मॅकबरोबर ते फुकट यायला लागलं आणि ज्याने आयुष्यात कधी मिक्सर पाहिला नाही असा मुलगाही घरी ट्रॅक करायला लागला. म्हणजे त्या 3 कोटींत लॉजिक आलं, लॉजिकचे वापरणारे आले आणि पुढचं सॉफ्टवेअर लिहिणारी डोकीही आली. ऑडिओचं चांगलं सॉफ्टवेअर लिहिणारे जगात मोजकेच. लूपमध्ये क्लिक का ऐकू येतो, लेटन्सी, म्हणजे आवाजाला होणारा उशीर, कुठे मुरते, हे ज्यांच्या अंगात भिनलंय असे लोक जाहिरात देऊन मिळत नाहीत.

याच्या अगदी उलटं सिबेलियसचं झालं. स्टाफ नोटेशनवाल्यांना, म्हणजे पाच रेघांवर स्वर लिहिणाऱ्यांना, हे सॉफ्टवेअर माहीत असेलच. 2006 मध्ये ऑडिओ-व्हिडिओची सॉफ्टवेअर विकणाऱ्या ॲव्हिडने ते साधारण 2.3 कोटी डॉलरला घेतलं, आणि 2012 मध्ये खर्च कमी करायचा म्हणून लंडनचं ऑफिसच बंद केलं. घराची कागदपत्रं ठेवली, माणसं घालवली. त्यातल्या बऱ्याच जणांना यामाहाच्या मालकीच्या, क्यूबेसवाल्या स्टाइनबर्गने बोलावून घेतलं आणि 2016 मध्ये त्याच टीमने डोरिको हे नवं नोटेशन सॉफ्टवेअर बाजारात आणलं. स्टाइनबर्गला कंपनी विकत घ्यावी लागली नाही, नुसते पगार द्यावे लागले. एवढा स्वस्त सौदा या धंद्यात दुसरा झाला असेल असं मला वाटत नाही.

आता थोडं माझ्या टेबलावरचं. इटलीत रेडमॅटिका नावाची इवलीशी कंपनी होती, सॅम्पलिंगची, म्हणजे वाद्याचे सूर टिपून ते कॉम्प्युटरवरून वाजवता येण्याची, हत्यारं बनवायची. 2012 मध्ये ॲपलने ती घेतली. या हत्याराची किंमत कळायला सॅम्पलिंग हाताने केलेलं असावं लागतं. जुन्या कीबोर्डवर एक सूर दाबा, रेकॉर्ड करा, तोच सूर जरा जोरात दाबा, पुन्हा रेकॉर्ड करा, मग आणखी जोरात. पुढचा सूर. हे झालं की एकेक फाइल कापायची, नाव द्यायचं, पट्टीवर बरोबर जागी बसवायची, शेवटी लूप असा लावायचा की जोड ऐकू येऊ नये. मेहनतीपेक्षा कंटाळाच जास्त. त्यांचा ऑटोसॅम्पलर, जो आता लॉजिकमध्येच आहे, हे काम स्वतः करतो. कीबोर्डला मिडीने, म्हणजे वाद्याला सूचना पाठवायच्या वायरने, सूर पाठवतो, येणारा आवाज टिपतो, कापतो, बसवतो. माझ्या एका मित्राकडे पेट्या उचलून उचलून कडा झिजलेला जुना कीबोर्ड आहे. त्यात शहनाईचा एक टोन आहे, खऱ्या शहनाईसारखा मुळीच नाही, पण लग्नाच्या गाण्यांना लोकांना तोच हवा असतो. आम्ही संध्याकाळी कीबोर्ड जोडला, सेटिंग लावली आणि खाली चहाला गेलो. वर आलो तेव्हा सगळा टोन लॉजिकमध्ये उतरला होता. रेडमॅटिकाच्या दोन-चार माणसांचं हे डोकं. स्वतंत्र राहिले असते तर मी त्यांचं सॉफ्टवेअर विकत घेतलं असतं का? खरं सांगायचं तर नाव तरी ऐकलं असतं की नाही कोण जाणे.

संबळ मात्र असा टिपता येत नाही. त्याला मिडीची वायर जोडता येत नाही! तिथे अजून माइक, वाजवणारा आणि सगळी दुपार.

स्कॉटलंडच्या कॅमल ऑडिओचंही तसंच. त्यांचं अल्केमी हे सिंथ विंडोजवरही चालायचं. 2015 च्या सुरुवातीला दुकान बंद, आणि जुलैमध्ये अल्केमी लॉजिकच्या आत हजर, वेगळे पैसे न घेता. मॅकवाल्यांची दिवाळी, विंडोजवाल्यांचा शिमगा.

ज्यांच्याकडे विकायला मशीन नाही त्यांचं काय होतं? स्पॉटिफायने 2017 मध्ये साउंडट्रॅप घेतलं, ब्राउझरमध्ये चालणारा स्टुडिओ. 2019 मध्ये साउंडबेटर घेतलं, जिथे गायक, मिक्सिंगवाले, वादक कामाला मिळतात. तेव्हा हवा कलाकारांना आपल्याकडे ओढण्याची होती. हवा बदलली. साउंडबेटर 2021 मध्ये आणि साउंडट्रॅप 2023 मध्ये ज्यांच्याकडून घेतलं त्यांनाच परत विकून टाकलं. महिन्याची वर्गणी भरणाऱ्याला गाणं ऐकायचं असतं, बनवायचं नसतं. त्या धंद्यात हे सॉफ्टवेअर कुठे बसतच नव्हतं. परत मिळालं हे त्यांचं नशीब.

सगळ्यांना असं नशीब लाभत नाही. पीसीवर गाणी वाजवायचं विनॅम्प आठवतं? आमच्या पिढीतला कॉलेजचा एकही पीसी त्याच्याशिवाय नसेल. ते बनवणारी नलसॉफ्ट ही मूठभर पोरांची कंपनी, जस्टिन फ्रँकेल म्होरक्या. 1999 मध्ये एओएलने घेतली, इंटरनेट रेडिओच्या भरात. एओएल इंटरनेटचं कनेक्शन विकणारी कंपनी. 2000 च्या मार्चमध्ये या पोरांनी फाइल वाटायचं ग्नुटेला नेटवर टाकलं, आणि मालकाने दुसऱ्याच दिवशी ते काढायला लावलं. त्याच सुमाराला एओएलचा टाइम वॉर्नरशी संसार जुळत होता, म्हणजे गाणी विकणाऱ्यांशीच. 2004 मध्ये फ्रँकेल बाहेर पडला, कॉकोस ही कंपनी काढली आणि रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर लिहिलं. साधं लायसन्स 60 डॉलर. कंपनी आजही छोटीच आहे आणि कुणाला विकलेली नाही. एकदा विकून बघितलेल्या माणसाने दुसऱ्यांदा विकलं नाही, हे मला फार बोलकं वाटतं.

तरी जे विकतात त्यांना 'विकाऊ' म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. आठ-दहा माणसांची कंपनी चालवून बघा. दर वर्षी ॲपल आणि मायक्रोसॉफ्ट आपापली सिस्टीम बदलणार आणि तुमचं प्लगइन मोडणार. इंटेलवरून ॲपलच्या चिपवर सगळं पुन्हा लिहायचं, आणि त्याचे पैसे ग्राहकाकडे मागितले की शिव्या खायच्या. वर क्रॅक, म्हणजे चोरून फुकट वापरलेल्या कॉप्या. आपल्या शहराने त्यात किती हातभार लावलाय ते आपण जाणतो. पंधरा वर्षं हे केल्यावर कुणी चांगला चेक पुढे केला तर मीही सही करेन.

आता पुढचे सौदे एआयचे. 2019 मध्येच टिकटॉकच्या बाइटडान्सने लंडनची ज्यूकडेक घेतली, आपोआप संगीत तयार करणारी कंपनी. तिची साइट बंद झाली, माणसं आत गेली. कोट्यवधी व्हिडिओंच्या खाली रॉयल्टी न देता वाजेल असं काहीतरी हवं असतं, यापलीकडे कारण शोधायची गरज मला दिसत नाही. ही खरेदी आमच्यासारख्यांच्या हातात हत्यार देण्यासाठी नाही, आमच्याऐवजी काही वाजवता यावं म्हणून आहे. गाण्यातला आवाज आणि वाद्यं वेगळी करणारा लॉजिकमधला फुकटचा स्टेम स्प्लिटर वापरताना मला मजा येते, तरी हा फरक मी विसरत नाही.

परवा एकाने विचारलं, "मग आपल्या तबल्या-तानपुऱ्याच्या ॲपवाल्यांना का कुणी घेत नाही?" प्रश्न चांगला आहे. माझ्या ओळखीच्या एक गाण्याच्या बाई आहेत, दादरला शिकवतात. त्यांनी आयपॅड घेतला तो निव्वळ आयतबलाप्रो या तबला-तानपुऱ्याच्या ॲपसाठी. ईमेलसुद्धा त्यावर बघत नाहीत. असे गाणारे-वाजवणारे मी भरपूर पाहिलेत. म्हणजे माझ्याच हिशोबाने ॲपलने हे ॲप कधीच घ्यायला हवं होतं. पण ते पहिल्यापासून फक्त ॲपलच्या उपकरणांसाठीच बनलं. इमॅजिककडे विंडोजवरचा तिसरा हिस्सा होता, तो तोडून मॅककडे वळवण्यासारखा होता. इथे तोडायला काही नाही, आणि ॲपलला जे गिऱ्हाईक आधीच फुकट मिळतंय त्याला कोण पैसे मोजणार?

हे सगळं बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग बरंच आहे की. नकोच घेऊ दे कुणी. आणि तो आवाज जरा कमी कर, मुली यायची वेळ झाली."